सहावा पाय नसलेली आयसी

सकाळी ८.३०

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या कार्यशाळेचं शटर वर जाण्याआधीच करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव पायरीवर येऊन बसले आहेत. हातातल्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड आहे. संस्थेच्या बल्क कूलरचा हा कंट्रोलर रात्री उडाला. सकाळचं दूध त्यांनी टँकरनं तसंच शीतकरण केंद्राला धाडलं, पण संध्याकाळी सहाला पुन्हा मापं सुरू होणार. नुकत्याच काढलेल्या धारेचं दूध ३५ अंशांच्या आसपास असतं. ते तीनेक तासांत ४ अंशांवर उतरलं नाही, तर रात्रभरात आंबट होतं आणि गावातल्या प्रत्येक घराच्या दहा दिवसांच्या बिलात ते दिसतं.

"ताई, आजच्या आज व्हायला पाहिजे बघा."

बोर्ड हातात घेण्याआधी मी विचारते, "अण्णा, रात्री अजून काय काय जळलं?"

"ट्यूब एकदम लख्ख झाली, पंखा सुसाट सुटला. मग फाटदिशी आवाज. दूध तपासायच्या मशीनचा अडॅप्टर गेला, कॅमेऱ्याचाबी गेला."

"कंप्रेसर?"

"त्येला काय झालं न्हाई. थ्री फेज हाय त्यो."

या पाच वाक्यांत निम्मं निदान आलं. थ्री फेज मोटर शाबूत, आणि एका फेजवर चालणारी नाजूक उपकरणं गेली, म्हणजे न्यूट्रल सुटला किंवा ढिला झाला. न्यूट्रलचा आधार गेला की तिन्ही फेजवरचा भार आपसांत व्होल्टेज वाटून घेतो. ज्या फेजवर भार कमी, तिथं २३० च्या जागी ३००, ३५०, अगदी ४०० व्होल्टपर्यंत चढतं. हा बोर्ड स्वतःच्या दोषानं जळलेला नसणार, त्याला बाहेरून मारलं गेलंय. पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीवर अवलंबून राहणार आहेत, म्हणून नोंदवहीत सगळ्यात वर तेच लिहिते.

"आसपासच्या कुठल्या संस्थेत असाच कूलर आहे का? त्यांच्या बोर्डाचा फोटो मिळेल?" अण्णा लगेच फोन लावतात.

सकाळी ९.००

माझ्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा काम शिकतोय. हाताचा चांगला आहे, पण जळका बोर्ड दिसला की त्याचा हात आधी ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटलीकडे जातो. मी त्याला थांबवते. काजळी हा पुरावा आहे आणि एकदा धुतला की तो परत मिळत नाही. बोर्ड ज्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता तेही टाकायचं नाही. घडीतला सगळा चुरा पांढऱ्या कागदावर झटकून मी काडेपेटीत भरून ठेवते. फुटलेल्या भागाची कपची कधीकधी तिथंच अडकलेली असते, आणि तिच्यावर एखादं अक्षरही असतं.

आधी फोटो काढतो, सरळ उजेडात आणि मग टॉर्च आडवी धरून. मग भिंग. बोर्डाच्या कोपऱ्यात वीज आत येते तिथं सगळ्यात मोठा काळा डाग आहे. 'आरव्ही १' असं छापलंय, आणि त्या जागी दोन तारांची थोटकं उरलीत. हा व्हॅरिस्टर, ज्याला दुकानात एमओव्ही म्हणतात. शेजारी 'आरएफ १', म्हणजे फ्यूजचंही काम करणारा रेझिस्टर. अंग कोळशासारखं काळं, रंगाचे पट्टे गेलेले. 'सी १' हा ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर माथ्यावर फुगलाय. आणि 'यू १'. यू म्हणजे एवढंच कळतं की ही आयसी होती. आठ पायांच्या आकाराची, मधोमध खळगा पडलेली, त्यातून तांब्याची चौकट दिसतेय. ज्या भागावर तिचं नाव असायचं, नेमका तोच उडालेला.

"आधी कोण गेलं असेल?" मी विचारते.

"आयसी. तीच सगळ्यात जास्त फुटलीय."

मी त्याला भिंग देते. व्हॅरिस्टरची तपकिरी काजळी आयसीच्या माथ्यावर, कडांवर बसली आहे, पण खळग्याच्या आत नाही. आत ताजं, राखाडी प्लास्टिक दिसतंय. म्हणजे काजळी उडाली तेव्हा आयसी अजून धड होती. आधी व्हॅरिस्टर, मग आयसी. आरएफ १ च्या लेपाचे पापुद्रे मात्र दोन्हींच्या काजळीवर पडलेत, म्हणून तो शेवटचा.

हा क्रम व्होल्टेजच्या गणिताशीही जुळतो. अशा बोर्डांवर बहुधा ४७१ आकड्याचा व्हॅरिस्टर असतो आणि तो ३०० व्होल्ट एसीपर्यंत कायम राहू शकतो. त्याच्या वर तो विजेला स्वतःतून वाट देतो. क्षणभराच्या झटक्यासाठी हे चालतं, पण मिनिटभर चढलेलं व्होल्टेज अंगावर घ्यायला तो बनवलेलाच नाही. तो तापून फुटला आणि त्याच्यामागच्या सगळ्यांवर ते व्होल्टेज आलं. ३८० व्होल्ट एसी आले असतील तर डायोडच्या पुढे ५३७ व्होल्ट डीसी होतात. ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर फुगायचाच. आयसीच्या आतला स्विच साधारण ७०० व्होल्ट सोसतो, पण ट्रान्सफॉर्मर परत फेकतो ते शंभरेक व्होल्ट आणि वरची टोकं धरली की तीही मर्यादा संपते. स्विच शॉर्ट झाला, प्रवाह बेसुमार वाढला आणि आरएफ १ नं स्वतः जळून पुढची आग थांबवली.

सकाळी ९.४५

जळक्या रेझिस्टरचे रंग वाचायचा प्रयत्न मी करत नाही. उष्णतेनं लाल, तपकिरी आणि नारिंगी हे तिन्ही रंग एकसारखेच दिसतात, आणि आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच डोळा दाखवतो.

त्यापेक्षा ब्लेड बरं. रेझिस्टर काढून त्याचा लेप अलगद खरवडला की आत नळीभोवती गुंडाळलेला प्रतिरोधाचा पट्टा दिसतो. जळून तो एकाच ठिकाणी तुटलेला असेल, तर डाव्या टोकापासून तुटीपर्यंत मोजायचं, मग उजव्या टोकापासून तुटीपर्यंत, आणि बेरीज करायची. मुलगा मोजतो. डावीकडे ६.४, उजवीकडे ३.७. मीटरच्या तारांचे प्रत्येकी ०.३ वजा केले की ६.१ आणि ३.४, मिळून ९.५ ओहम. तुटीत वेढ्याचा एक तुकडा गेलाय, म्हणजे मूळ किंमत याहून थोडी जास्त. बाजारातल्या नेहमीच्या मालिकेत ८.२ नंतर १० आणि मग १२ येतात. ९.५ हून थोडं जास्त म्हणजे १०.

हे सगळ्या रेझिस्टरना चालत नाही. सगळा पट्टाच भाजला असेल तर उरलेल्या भागाची किंमतही बदललेली असते, आणि तेव्हा आजूबाजूच्या सर्किटवरून गणितच मांडावं लागतं. इथं तूट एकच आहे आणि दोन्ही बाजूंचा पट्टा चकचकीत आहे, म्हणून या आकड्यावर माझा भरवसा आहे.

"मग साधा दहा ओहमचा लावू? डब्यात आहे."

नाही. किंमत कळली म्हणजे भाग ओळखला, असं होत नाही. हा ज्वाळा न धरणारा, ठरल्या भाराला तुटणारा रेझिस्टर होता. बोर्डावरच्या छापातलं 'एफ' तेच सांगतं. त्या जागी साधा कार्बनचा लावला, तर पुढच्या वेळी तो तुटण्याऐवजी पेटेल, आणि कूलरच्या त्या पेटीत वायरींचा जुडगा अगदी जवळून जातो.

सकाळी १०.३०

आता धुण्याची परवानगी. अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत पुन्हा तेच.

व्हॅरिस्टरखालचा डाग धुऊन जात नाही, कारण तो वरचा नाहीच. काचेचे धागे आणि इपॉक्सी मिळून हा बोर्ड बनतो. इपॉक्सी जळून त्याचा कोळसा झालाय, आणि कोळसा वीज वाहतो. वरून रंग लावून हे झाकलं तर बोर्ड दोन-चार दिवस चालतो. मग पावसाळी हवेत त्याच वाटेनं फेजपासून न्यूट्रलपर्यंत ठिणगी पळते आणि लोक म्हणतात, तोच भाग पुन्हा जळला. म्हणून छोट्या ग्राइंडरनं पांढरे धागे दिसेपर्यंत सगळा काळा भाग कोरून काढायचा. व्हॅरिस्टर आणि डायोड बोर्डावर नसतानाच दोन्ही बाजूंमध्ये, इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरचे ५०० व्होल्ट लावून पाहायचं. पहिल्यांदा काटा दोन मेगओहमवरच अडकतो. आणखी कोरल्यावर दोनशेच्या वर जातो. मग तो खड्डा उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीनं भरते आणि सुकायला दिव्याखाली ठेवते.

सकाळी ११.१५

शेजारच्या गावातून फोटो आला. अण्णांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव.

फोटो स्पष्ट आहे. तोच कूलर, तोच रंग, पेटीवर तेच नाव, आणि पॉवरच्या कोपऱ्यातल्या आयसीवर 'टीएनवाय २७८' हे स्वच्छ वाचता येतंय. मुलगा लगेच डेटाशीट उघडतो. मी फोटो मोठा करून पाय मोजते. त्या आयसीला एका बाजूला चार पाय आहेत, दुसऱ्या बाजूला तीन, आणि नसलेला पाय आहे तिसरा. आमच्या बोर्डावरही सातच पाय आहेत, पण नसलेला पाय आहे सहावा. फोटोतला बोर्ड नंतर काढलेला आहे, बनवणाऱ्यानं मध्येच डिझाइन बदललंय.

"पाय कापून बसवता येईल की," मुलगा म्हणतो.

बसेल, पण फोटोतल्या मालिकेत चौथा पाय उच्च व्होल्टेजचा असतो. आमच्या बोर्डावर चौथ्या पायाची वाट सरळ ऑप्टोकपलरकडे, म्हणजे आउटपुटची खबर प्रकाशातून देणाऱ्या भागाकडे जाते. चालू केल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरकडून येणारा पाचवा पाय ग्राउंडशी जोडला जाईल आणि उरलेलंही जळेल. सारख्या यंत्रातला सारखा भाग हा चांगला साक्षीदार असतो, पण उलटतपासणी न करता त्याचं ऐकायचं नसतं.

दुपारी १२.००

दिवसातला मला सगळ्यात आवडणारा तास हा. नाव गेलेल्या भागाला त्याच्या शेजाऱ्यांकडून नाव परत मिळवायचं.

यू १ चे पाय बोर्डात शिल्लक आहेत. वरून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजायचं. एक ते चार, मग पलीकडच्या बाजूनं पाच, सात, आठ. सहाव्याच्या जागी पाय तुटलेला नाही, तिथं बोर्डाला भोकच पाडलेलं नाही. ही गैरहजेरी मुद्दाम ठेवलेली आहे. पाचव्या पायावर शेकडो व्होल्ट असतात, शेजारच्या पायावर शून्य. मधला पाय काढून टाकला की दोघांत अंतर पडतं आणि ओल किंवा धूळ बसली तरी ठिणगी पोचत नाही.

आता एकेक वाट मीटरच्या बीपवर शोधायची. दोन, तीन, सात आणि आठ हे चारही पाय तांब्याच्या एका रुंद पट्ट्यावर, म्हणजे मोठ्या कॅपॅसिटरच्या वजा टोकाला. रुंद पट्टा त्यांची उष्णता पसरवण्यासाठी. पाचवा सरळ ट्रान्सफॉर्मरच्या मुख्य गुंडाळीला. चौथा ऑप्टोकपलरच्या कलेक्टरला. पहिल्या पायावर फक्त एक छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर, त्यावर १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, आणि त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. बाकी काही नाही. आयसीला वीज पुरवणारी वेगळी गुंडाळीही ट्रान्सफॉर्मरवर नाही, म्हणजे ही आयसी स्वतःचं पोट त्या पाचव्या पायातूनच भरते.

मुलाच्या वहीत मी तीन संभाव्य आयसींचे रकाने आखायला लावते. वायपर २२ असती तर आठही पाय असते आणि पाच ते आठ हे चार एकत्र ट्रान्सफॉर्मरला गेले असते. खोडली. टॉपस्विचच्या या आकारातही सहावा पाय नसतो, पण तिचा नियंत्रणाचा पाय चौथा, आणि त्यावर मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लागतो. खोडली. पहिल्या पायावर ०.१ मायक्रोफॅरड, चौथ्यावर ऑप्टो, पाचव्यावर ट्रान्सफॉर्मर आणि सहावा नाही, हे सगळं टायनीस्विच-टू या मालिकेशी जुळतं. पॉवर इंटिग्रेशन्स या कंपनीची ती आयसी, टीएनवाय २६३ ते २६८.

घराणं सापडलं. त्यातली नेमकी कोण, ते अजून नाही.

दुपारी १.३०

डबे उघडतो. अण्णांनाही बळेच बसवते. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नाही.

हा सगळा खटाटोप ज्या कागदानं पाच मिनिटांत संपला असता, तो सर्किटचा नकाशा. पूर्वी रेडिओच्या, टीव्हीच्या आत किंवा पुस्तिकेत तो मिळायचा. आता कंपन्या तो देत नाहीत, काही जण तर आयसीवरचं नाव घासून काढतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या क्षेत्रांच्या यादीत शेतीची अवजारंही होती. मला मनापासून वाटतं, की गावच्या दूध संस्थेच्या कंट्रोलरचा नकाशा हा त्या हक्काचाच भाग असायला हवा. हा बोर्ड फेकून नवा मागवला तर तो यायला आठवडा लागतो, आणि गुरांची धार तितके दिवस थांबत नाही.

जेवता जेवता मुलगा एका गिरणीच्या डिस्प्ले कार्डावरच्या बारीक रेझिस्टरबद्दल विचारतो. त्यावर '०१सी' लिहिलंय. आकड्यांनंतर अक्षर आलं की तो एक टक्का अचूकतेचा संकेत. ०१ म्हणजे १००, सी म्हणजे शंभरपट, म्हणून दहा किलोओहम. तो मान हलवतो आणि भाकरीचा तुकडा मोडतो.

दुपारी २.१५

काडेपेटीतला चुरा पांढऱ्या कागदावर पसरून, टॉर्च जवळजवळ आडवी धरून एकेक कपची पाहते. आयसीवरची अक्षरं लेझरनं कोरलेली असतात. समोरून उजेड टाकला की ती दिसत नाहीत, तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते. नखाएवढ्या एका कपचीवर 'पी' हे अक्षर आहे आणि त्याच्या आधी एका आकड्याचा खालचा भाग, बंद गोल. वरचा भाग तुटलाय. बंद गोल सहाला असतो आणि आठाला. पाचाचा गोल डावीकडे उघडा राहतो, साताला आणि चाराला तो नसतोच, तिनाचाही उघडाच. म्हणजे २६६ किंवा २६८.

दोघींत इथं महत्त्वाचा फरक एवढाच: किती प्रवाहाला स्विच बंद होतो. २६६ ला ३५० मिलिअँपियर, २६८ ला ५५०. आता ट्रान्सफॉर्मरला विचारायचं. तो काढून मीटरवर मुख्य गुंडाळीचं इंडक्टन्स मोजते, जवळजवळ एक मिलिहेन्री. एका ठोक्यात साठणारी ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन. ही आयसी सेकंदाला १,३२,००० ठोके देते. ३५० मिलिअँपियरला ढोबळमानानं ८ वॉट येतात, गळती वजा जाता सहा. ५५० ला वीस.

आणि बोर्डाला लागतात किती? ४०० ओहमच्या कॉइलचे चार रिले, १२ व्होल्टवर प्रत्येकी ३० मिलिअँपियर, एकूण १२०. डिस्प्ले आणि मायक्रोकंट्रोलर मिळून दीडशेच्या आसपास. म्हणजे १२ व्होल्टला २७० मिलिअँपियर, सव्वातीन वॉट. सव्वातीनच्या कामाला सहाची सोय ठेवणं हे शहाण्या डिझाइनरचं लक्षण, पण वीसची सोय कुणी ठेवत नाही, आणि तीही सोळा मिलिमीटर रुंदीच्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर.

"मोठी बसवली तर बिघडतं काय? ताकद जास्तच ना," अण्णा विचारतात. प्रश्न रास्त आहे, बाजारातही हेच सांगतात. पण ही आयसी ठोक्याला आपल्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रवाह चढवते, कमी लागली तर ठोके गाळते. २६८ बसवली की याच छोट्या गाभ्यातून ठोक्याला दीडपटीहून जास्त प्रवाह जाऊ शकतो. गाभा संपृक्त झाला की प्रवाह एकदम उसळतो. ती आज चालेल, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पेटी तापली की जाईल.

नोंदवहीत लिहिते: यू १, टीएनवाय २६६, पी पॅकेज. त्याखाली तिन्ही कारणं.

दुपारी ३.१५

शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानात २६८ आहे, २६७ आहे, २६६ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आहे, पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल उद्या सकाळी येईल. मुलगा फोनवरून विचारतो, "२६७ घेऊ?" मी नको म्हणते. त्याला फक्त दहा ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टर, ४७१ चा व्हॅरिस्टर आणि १०५ अंशांचे दोन ४०० व्होल्ट कॅपॅसिटर आणायला सांगते. बोर्डावरचा दुसरा कॅपॅसिटर फुगलेला नसला तरी त्यानंही तोच मार खाल्लाय.

तोवर मी भंगार बोर्डांची खोकी उपसते. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पॉवर सप्लायवर ही मालिका असायची. बऱ्याच शोधानंतर एका बोर्डावर २६६ सापडते, स्वच्छ, शेजारचा कॅपॅसिटर न फुगलेला. हळू हातानं काढून घेते. पाचव्या आणि दुसऱ्या पायांत शॉर्ट नाही, उलट बाजूनं डायोडचा आकडा बरोबर येतो, पहिल्या पायाला गळती नाही. वापरलेला भाग बसवतेय हे अण्णांना स्पष्ट सांगते, आणि नवा मुंबईहून मागवून ठेवते. पुढच्या आठवड्यात बदलून देणार.

दुपारी ४.१५

बसवण्याआधी उरलेल्यांची झडती. प्राथमिक बाजूची आयसी फुटते तेव्हा ते व्होल्टेज चौथ्या पायातून ऑप्टोकपलरपर्यंत पोचू शकतं. त्याच्या आतल्या एलईडीला १.१ व्होल्ट मिळतात, ट्रान्झिस्टरही उघडझाप करतो. ठीक आहे. टोकं खाणारा २०० व्होल्टचा टीव्हीएस डायोड मात्र शॉर्ट निघाला. बाहेरून अगदी नव्यासारखा दिसत होता, ना डाग ना तडा. तो तसाच राहिला असता तर बसवलेली आयसीही धोक्यात आली असती. जळलेले भाग नजरेला दिसतात म्हणून लोक तेवढेच बदलतात. आतून मेलेले भाग मीटरलाच दिसतात.

डाग दिले, फ्लक्स पुसला. पहिली वीज सरळ नाही, ४० वॉटच्या बल्बमधून. कुठं शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पेटून राहील आणि बोर्ड वाचेल. स्विच दाबते. बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. आउटपुटला १२.१ व्होल्ट. मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि व्हेरिअॅकवर २६० व्होल्टपर्यंत चढवून पाचव्या पायाचं टोक स्कोपवर पाहते. ५६० च्या आत राहतंय. सातशेपासून पुरेसं लांब. अर्धा तास चारही रिले ओढून ठेवल्यावर आयसीला बोट टेकवता येतं, अर्थात वीज काढून.

संध्याकाळी ५.००

डिस्प्ले लागला म्हणजे बोर्ड दुरुस्त झाला, असं मी धरत नाही. चार अंश म्हणजे खरोखर चार अंशच हवेत. कूलरचा सेन्सर पीटी १००, म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम आणि ३५ अंशांना ११३.६१. सरबतवाल्याकडून बर्फ आणून, कुटून, थोडं पाणी घालून थर्मासमध्ये आमचा सेन्सर बुडवते. पाच मिनिटं ढवळल्यावर डिस्प्लेवर ०.२. कोमट पाण्यात घातला की कंप्रेसरचा रिले ओढतो, परत बर्फात घातला की सोडतो. अण्णा वाकून तो 'टक' आवाज दोनदा ऐकतात.

"किती झालं?"

पैशांआधी माझी अट सांगते. न्यूट्रल दुरुस्त झाल्याशिवाय हा बोर्ड पेटीत बसणार नाही. मी स्वतः येते.

संध्याकाळी ५.५०

संकलन केंद्राच्या दारात किटल्यांची रांग लागायला लागलीय. आत मुख्य स्विचशेजारी गावचा वायरमन उभा आहे, मी निघतानाच अण्णांनी त्याला बोलावून घेतलं होतं. न्यूट्रलच्या पितळी पट्टीत जुनी अॅल्युमिनियमची तार खुपसून एका स्क्रूनं आवळलेली. तार आक्रसलीय, टोक पांढरं पडलंय, पट्टी काळवंडलीय. वीज चालू ठेवून मोजते: १८८, २४६, २७१. तिन्ही फेज तीन दिशांना.

पुरवठा बंद करून वायरमन तार मागं कापतो, नवं टोक घासून लग चढवतो, दोन स्क्रूंची नवी पट्टी बसवतो. पुन्हा मोजते. २३१, २२९, २३३. पंखा, ट्यूब चालू करूनही आकडे हलत नाहीत. तेव्हा कुठं बोर्ड पेटीत जातो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारा रिले मुख्य पेटीत बसवायला सांगते. वायरमन त्याची किंमत सांगतो आणि अण्णा या महिन्याच्या बैठकीत तो विषय घेतो म्हणतात. मी बोर्डाच्या पाठीवर कायमच्या पेननं तारीख आणि 'टीएनवाय २६६' लिहून ठेवते. पुढच्या माणसाला कपच्या शोधाव्या लागू नयेत.

सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली किटली ओतली जाते आणि ढवळणी फिरायला लागते.

रात्री ९.००

पावणेनऊला अण्णांचा फोन: टाकीत ५.१, उतरतंय.

मुलगा घरी गेलाय. दिवसभरात कागदावर जमलेला तुकड्यातुकड्यांचा नकाशा मी स्वच्छ काढायला बसते. फ्यूजिबल रेझिस्टरपासून ऑप्टोपर्यंत प्रत्येक भागाची किंमत, आयसीच्या प्रत्येक पायाची वाट, ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स. वर मोठ्या अक्षरात: जुनी आवृत्ती, सहावा पाय नाही. नव्या आवृत्तीत तिसरा नसतो, एकीची आयसी दुसरीला लावू नये. सांगली, इचलकरंजी आणि गडहिंग्लजला हेच काम करणारे ओळखीचे आहेत, त्यांना फोटो पाठवते. इचलकरंजीहून लगेच उत्तर येतं. त्यांच्याकडे हाच बोर्ड चार दिवसांपासून पडून आहे, यू १ फुटलेली, आणि त्यांनी २६८ मागवली होती. मी त्यांना फोन लावते.